कुमारवाङ्मयातील शिवी

कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या कथाकादंबऱ्यांत शिव्या असाव्यात की नसाव्यात, हा प्रश्न निघाला की दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, मुले बिघडतील. दुसरा म्हणतो, मुले असेच बोलतात. आम्हांस हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. एका पुस्तकाने मूल बिघडते हे मानणे जितके भाबडेपणाचे, तितकेच रस्त्यावर ऐकले ते कागदावर उतरविले की लेखकाचे कर्तव्य संपले, हे मानणेही भाबडेपणाचे आहे.

कायद्याची बाजू प्रथम आटोपून घेऊ. चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' ह्या कथेवरील खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने कुमारवयीन वाचकाचा विचार करूनही ती कथा अश्लील ठरविली नाही. पुढे मार्च २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' ह्या मालिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने शिवराळपणा म्हणजे अश्लीलता नव्हे, असे स्पष्ट केले. हे योग्यच झाले. परंतु न्यायालय गुन्हा घडला की नाही एवढेच पाहते. गुन्हा नाही म्हणून लेखन चांगले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तो निवाडा समीक्षेनेच करावयाचा असतो.

मराठी कुमारकथेने ह्या बाबतीत फार काळ सोवळे पाळले. त्या सोवळ्यातही प्रतिभेला वाव होता, हे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरून दिसते. त्याच्या तोंडचा 'ट्टॉक' हा आवाज आठवावा. आश्चर्य, चीड, उत्साह हे सारे त्या एका आवाजात मावते आणि शिवीची उणीव कोणास भासत नाही. पण फेणेचे जग सुरक्षित होते. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाक्या'तील (१९६५) पोरांना 'ट्टॉक' म्हणून कसे चालले असते? त्या पुस्तकावर आचार्य अत्रे तुटून पडले. परंतु नाक्यावरच्या त्या पोरांची भाषा काढून घेतली तर त्यांचे रितेपणच नाहीसे होते, हे त्या टीकेने ध्यानी घेतले नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नव्हे. तरी आज नववी-दहावीतील कितीतरी मुले ती वाचतात, कारण वर्गातल्या बाकांवरची भाषा त्यांना तेथे ओळखू येते.

आमच्या नागपुरापुरते बोलावयाचे तर 'बे' हा शब्द घ्यावा. 'काऊन बे?' हे पुण्याच्या कानास उद्धट लागते. येथे ती मैत्रीची खूण आहे. मात्र तोच मुलगा वडिलांस किंवा गुरुजींस 'बे' म्हणत नाही. उघड्यावाघड्या बोलीलाही स्वतःची मर्यादा असते, आणि ती ज्याला कळत नाही तो लेखक पानोपानी 'बे' पेरूनही नागपूरकर होत नाही. उलट, नागराज मंजुळे यांनी 'झुंड' (२०२२) ह्या हिंदी चित्रपटात येथील झोपडपट्टीतल्या मुलांना त्यांच्याच बोलीत बोलू दिले, म्हणून ती मुले खरी वाटली. अशा वस्तीतल्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकी भाषेची कादंबरी दिली, तर हे जग आपले नव्हे असेच तो समजेल. हे नुकसान एखाद्या अपशब्दाहून मोठे आहे.

तरीही आम्ही शिवीची सरसकट तरफदारी करीत नाही. आपल्या बहुतेक शिव्या कोणावर पडतात ते पाहावे. भांडण दोन मुलग्यांचे आणि विटंबना त्यांच्या आयाबहिणींची. कित्येकदा तर एखाद्या जातीचे नावच शिवी म्हणून वापरले जाते. कादंबरी वाचणारी चौदा वर्षांची मुलगी, किंवा त्या जातीतला मुलगा, हा शब्द कसा वाचील? आमच्या मते खरा प्रश्न सोवळ्याओवळ्याचा नसून हा आहे. ज्या कथेत शिवी येते आणि ती जिच्यावर पडते तिला कथेत स्थानच नसते, ती कथा वास्तववादी नव्हे, अर्धवट आहे. शिवी लागलेल्याचा चेहरा लेखकाने एकदा तरी दाखविला पाहिजे.

येथे सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) ह्या कादंबरीची आठवण होते. शिवराळ म्हणून अमेरिकेतील अनेक शाळांनी ती दूर ठेवली. परंतु तिचा नायक धाकट्या बहिणीच्या शाळेच्या भिंतीवरील गलिच्छ शब्द स्वतः पुसून काढतो. लहान मुले तो वाचतील, ह्या विचाराने त्याचा जीव कासावीस होतो. लेखकाने तो शब्द छापला, म्हणूनच तो पुसण्यामागील माया वाचकास कळली.

तेव्हा पालकांनी शिव्या मोजू नयेत. हा शब्द काढला तर माणूस उणा होतो काय, आणि ज्याच्यावर तो पडला त्याचे दुःख लेखकास दिसले काय, एवढे दोन प्रश्न विचारावेत. दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तर पुस्तक मुलाच्या हाती निःशंक द्यावे आणि स्वतःही वाचावे. उत्तर नकारार्थी असेल, तर त्या पुस्तकात शिवीखेरीज दुसरेही पुष्कळ उणे असल्याचे आढळून येईल.