पडद्यावर आम्ही कुठे?

चित्रपटाचा एम.ए. म्हटले की आमच्या मोहल्ल्यात अजून हसू उमटते. इरा भास्कर आणि रिचर्ड ॲलन यांचा ‘इस्लामिकेट कल्चर्स ऑफ बॉम्बे सिनेमा’ (२००९) हा ग्रंथ वाचला की ते मावळावे. भास्कर यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चित्रपट-अभ्यास शिकवला आहे. ऐतिहासिक चित्रपट, तवायफेचा चित्रपट आणि ‘मुस्लिम सोशल’ हे प्रकार दोघांनी गांभीर्याने तपासले. उर्दू, अदब, संगीत हे हिंदी सिनेमाचे उसने दागिने नव्हेत, ही त्याची घडणच आहे, हे त्यातून पटते.

हे मोलाचेच. पण ‘मुगल-ए-आझम’ (१९६०), ‘पाकीजा’ (१९७२) पाहून भारावलेले आम्ही घरी येऊन मराठीतच बोलत होतो. नवाबाची हवेली आम्ही पडद्यावरच पाहिली. रत्नागिरीचा खलाशी, सोलापूरची विडी कामगार बाई त्या हवेलीत कुठे होती? दोष ग्रंथाचा नाही, पडद्याचा आहे.

मालेगावच्या नासिर शेख यांनी यंत्रमाग कामगारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ (२०००) काढला. तिथे आमची माणसे स्वतःच पडद्यावर आली. अशा चित्रपटांचा अभ्यास करायला आमच्या मुलामुलींनी विद्यापीठात गेले पाहिजे. नाहीतर अभ्यासातही आम्ही नवाबच राहू.