एक गळा, एक वाद्य

बोर धरणाच्या वाटेवरील हिंगणीसारख्या गावी बसून विलायतेतील पंक संगीतावर लिहावे, हे आमच्या पुष्कळ वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही तसेच वाटले असते. परंतु दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या भाच्याने पॅट्रिक फिट्झजेराल्ड या लंडनच्या गायकाची एक तबकडी आग्रहाने ऐकविली, आणि तेव्हापासून आमची एक जुनी चूक आमच्या मनास टोचत आहे. (तबकडी म्हणावयाचे ते सवयीने, ऐकविली ती त्याने मोबाईलवरच.)

तबकडी १९७७ सालची आहे. नवी ती केवळ आम्हांस. पूर्व लंडनमधील वॉल्थमस्टो या वस्तीत 'स्मॉल वंडर' नावाचे तबकड्यांचे एक लहानसे दुकान होते. त्याच नावाने दुकानदार तबकड्या काढू लागला, त्यांपैकी ही एक. पंक म्हटले की विजेच्या गिटारी, ढोल आणि आरडाओरड, एवढीच आमची समजूत होती. येथे त्यातले काहीच नाही. एक तरुण, एक साधी लाकडी गिटार, आणि तयारीचा गंधही नसलेला गळा. 'सेफ्टी-पिन स्टक इन माय हार्ट' हे त्यातील मुख्य गीत. पंक तरुण जी सेफ्टी-पिन अंगाखांद्यावर मिरवीत, ती येथे काळजात रुतली आहे. प्रेमगीताची थट्टाही होते आणि प्रेमगीतही शिल्लक राहते.

प्रथम ऐकले तेव्हा 'हे गाणे नव्हे' असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो. भाचा हिरमुसला. इतक्यात स्वयंपाकघरातून आमच्या मातोश्रींनी विचारले, "कोन हाय रे बाबू हा? खंजरी मातर नाही याच्यापाशी!"

त्या एका वाक्याने आमचा निकाल फिरविला. वऱ्हाडात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराजांवाचून दुसरे नाव आठवत नाही. १९०९ साली यावलीस जन्मलेला हा पुरुष हातात एक खंजिरी घेऊन गावोगाव हिंडला. १९३६ साली गांधीजींच्या सहवासात, तेव्हाच्या शेगावात म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहिला. हे सारे आम्हांस लहानपणापासून ठाऊक. परंतु आमच्या घरी संगीत म्हणजे ग्रामोफोनवरचा ख्याल. चावडीवरचे खंजिरी-भजन म्हणजे उपदेश, फार तर प्रचार. त्यास कलेच्या पंक्तीत पान मांडावे असे आमच्या मनात कधी आले नाही. ज्या मापाने आम्ही लंडनच्या पोरास क्षणापूर्वी मोडीत काढले, तेच हे माप.

त्या रात्री महाराजांच्या आवाजातील एक जुने ध्वनिमुद्रण आम्ही मुद्दाम लावून ऐकले. आवाज खडा आणि उघडा. ताना-मुरक्यांचा सोस नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसास शब्द कळावा, एवढीच गळ्याची चिंता. हाच मजकूर एखाद्या कसलेल्या गवयाने आळवून म्हटला असता, तर श्रोत्याने आलापीस दाद दिली असती आणि बोचणारा शब्द सोयिस्करपणे ऐकला नसता. कच्चा गळा अशी पळवाट ठेवीत नाही. फिट्झजेराल्डच्या गाण्याची शक्तीही नेमकी येथेच आहे, हे आम्हांस उलट वाटेने समजले.

तथापि दोघांस एकाच तागडीत तोलणे बरे नव्हे. फिट्झजेराल्ड एकटा गातो आणि एकटेपणाविषयीच गातो. क्वचित त्याची चतुराई त्याच्या दुःखापुढे धावते. महाराजांचा एकटा गळा समुदायाची वाट पाहत असतो. ओळ टाकली की सभेने ती उचलावयाची. शिवाय दांभिक भक्ती, व्यसने, अस्पृश्यता यांवर ते कोरडे ओढीत, ते ज्याच्या पाठीवर ओढावयाचे त्यालाच समोर बसवून. सरकारासही हे भजन निरुपद्रवी वाटले नाही. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर आणि आमच्याच जिल्ह्यातील आष्टी येथे उठाव झाला, त्यानंतर महाराजांस पकडून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. मात्र त्यांची सगळीच भजने सारख्या योग्यतेची नाहीत. जेथे चित्र मागे पडून नुसता उपदेश उरतो, तेथे खंजिरीच काय तो भार वाहते. भक्तांचा रोष पत्करूनही हे म्हटले पाहिजे.

१९७९ साली फिट्झजेराल्डचा 'ग्रबी स्टोरीज' हा संग्रह पॉलिडॉर या मोठ्या कंपनीने काढला. त्यातील कित्येक गीतांना ढोल व इतर वाद्यांची साथ आहे. साथ वाईट नाही. पण जे कानाशी येऊन सांगितले होते, ते आता सभागृहास सांगितल्यासारखे वाटते. आमच्याकडे हा प्रकार अधिक निर्दयपणे चालला आहे. महाराजांची भजने हल्ली कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि घुमणारा प्रतिध्वनी लावून ध्वनिक्षेपकांवरून ओतली जातात. खंजिरीचा ठोका आणि त्यानंतरची ती किंचित शांतता, जीत शब्द मनात उतरावयाचा, तीच नेमकी बुजविली जाते. गोड झालेले हे भजन ऐकत माणसे निर्धास्त जेवू शकतात.

भाचा परत जाताना महाराजांच्या त्या जुन्या ध्वनिमुद्रणाची नक्कल घेऊन गेला. मातोश्रींनी मात्र सेफ्टी-पिनचे गाणे पुन्हा एकदा लावावयास सांगितले. इंग्रजीचा एक शब्द त्यांना कळत नाही. "पन पोरगं खरं बोलून राह्यलं," असे त्यांचे म्हणणे पडले.