ग्राम्यतेचा दोष आणि चाहत्याचे प्रेम

१

लोकनाट्याचा पाठ शिकवताना दादा कोंडके यांचे नाव घेतले की वर्गात प्रथम हशा पिकतो आणि दुसऱ्याच क्षणी तो दाबला जातो. विद्यार्थी एकमेकांकडे पाहतात, मग अध्यापिकेकडे. हसायला परवानगी होती की नव्हती, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून वाचायचे असते. केळापूर तालुक्यातल्या या मुलांच्या घरांत वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, तेलुगू अशा बोली आणि भाषा नांदतात. कोंडक्यांच्या पडद्यावरची बोली यांपैकी कोणाचीच नव्हे, ती घाटावरची. त्यांचे गाजलेले चित्रपटही या मुलांच्या जन्मापूर्वीचे. तरीही हशा येतो, म्हणजे तो वारशाने आलेला असतो. एकदा एका विद्यार्थ्याने सरळच विचारले, “मॅडम, आमचे आजोबा त्याचा पिच्चर पाहाले सायकलनं पांढरकवड्याले येत. पन हे पेपरात लिहू का नाई?”

प्रश्न उत्तरपत्रिकेपुरता नाही. आजोबांच्या सायकलीला समीक्षेत स्थान आहे काय, असा तो आहे. मराठी समीक्षेने त्याची आजवर दोन उत्तरे दिली. पहिले अभिरुचीचे : हे चित्रपट हीन आहेत, सबब त्यांवरचे प्रेम हे अडाणीपणाचे लक्षण. दुसरे अलीकडचे, संस्कृती-अभ्यासाच्या वाटेने आलेले : बहुजनांना जे आवडते ते प्रस्थापिताविरुद्धचे बंडच असते, सबब त्याचा गौरव करावा. ही उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी दोन्हींत चाहता मुकाच राहतो. पहिल्यात त्याला बुद्धी नसते, दुसऱ्यात त्याच्या वतीने समीक्षकच बोलतो. चाहत्याचे प्रेम हेही एक वाचन आहे, त्याला स्वतःचा विवेक आहे आणि म्हणूनच ते चिकित्सेला पात्र आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. ही चिकित्सा करताना हसणारा कोठे बसून, कोणाकडे पाहून हसतो आणि त्याच्या हसण्यासाठी कोणाला गप्प बसावे लागते, हे प्रश्न टाळता येणार नाहीत.

२

अभिरुचीच्या उत्तराची मुळे खोल आहेत. संस्कृत साहित्यशास्त्राने काव्यदोषांच्या यादीत ‘अश्लील’ आणि ‘ग्राम्य’ असे दोन दोष सांगितले. अश्लीलाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार केले. म्हणजे निदान तेथे वाचकाच्या मनात काय घडते याचा विचार झाला. ‘ग्राम्य’ या दोषात मात्र पत्ता हाच आरोप झाला. जे गावातले ते सदोष. मराठी समीक्षेने हे पारिभाषिक शब्द पुढे फारसे वापरले नाहीत, पण त्यांतील निवाडा मुकाट्याने सांभाळून ठेवला. पंडिताने एका शब्दातून दोन अर्थ काढले की तो श्लेष, सोंगाड्याने काढले की तो चावटपणा, अशी वाटणी आपण करीत आलो. वस्तुतः तमाशातील बतावणीचा सारा डोलारा याच द्व्यर्थावर उभा आहे. शब्द निर्दोष राहतो, दुसरा अर्थ ऐकणाऱ्याने पुरवायचा असतो. प्रेक्षक येथे केवळ ग्राहक नसतो. तो विनोदाचा अर्धा कर्ता असतो. हशा म्हणजे त्या कर्तृत्वावरची सही.

३

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही, हे दाखविण्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चित्रपटांकडे वळणे उपयुक्त ठरेल. तुलनेला कालाचाही आधार आहे. १९७१ साली मराठीत कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला. त्याच वर्षी अमेरिकेत मेल्व्हिन व्हॅन पीबल्स याने ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडअ‍ॅस साँग’ हा चित्रपट स्टुडिओंच्या व्यवस्थेबाहेर राहून काढला. प्रारंभी तो दोनच चित्रपटगृहांना मिळाला, एक डेट्रॉइटमध्ये आणि एक अटलांटात. पोलिसांपासून पळणारा कृष्णवर्णीय नायक अखेरीस मारला जात नाही, निसटतो, एवढी एक गोष्ट प्रेक्षकांना पुरेशी होती. त्याच वर्षीचा ‘शाफ्ट’ आणि पुढच्या वर्षीचा ‘सुपर फ्लाय’ यांनी या प्रेक्षकवर्गाची बाजारातली ताकद सिद्ध केली.

लक्षणीय गोष्ट अशी की, या चित्रपटांवरचा पहिला गंभीर वाद कृष्णवर्णीयांच्या आपसातच झाला. ब्लॅक पँथर पक्षाच्या ह्यूई न्यूटनने ‘स्वीटबॅक’ला क्रांतिकारक ठरवून पक्षाच्या मुखपत्रात त्याचे विस्तृत विवेचन केले. उलट ‘एबनी’ मासिकात लेरोन बेनेट यांनी त्याचा कठोर समाचार घेतला : दारिद्र्याला रम्य रूप देणे आणि कामपराक्रमालाच मुक्ती समजणे ही फसवणूक आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९७२ मध्ये रूढ झालेला ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ हा शब्दही, ज्यात ‘ब्लॅक’ आणि शोषणवाचक ‘एक्सप्लॉयटेशन’ यांचा सांधा आहे, गोऱ्या समीक्षकाने नव्हे, तर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क संघटनेतील ज्युनियस ग्रिफिन यांनी प्रचारात आणला. तात्पर्य, प्रेम आणि आक्षेप दोन्ही एकाच घरातले होते. आक्षेप घेणाऱ्यांना ‘अभिजनांचे हस्तक’ म्हणून बाजूला सारण्याची सोय तेथे नव्हती.

चाहत्याच्या विवेकाच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण रूडी रे मूर याचे आहे. मूर (१९२७–२००८) हा क्लबांत विनोद सांगणारा कलावंत. रेकॉर्डच्या दुकानात काम करताना तेथे येणाऱ्या एका फाटक्या माणसाच्या तोंडची ‘डोलेमाइट’ची लांबलचक, यमकबद्ध, शिवराळ कथने त्याने ऐकली, आपलीशी केली आणि ध्वनिमुद्रित केली. त्या कमाईतून, वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर, त्याने १९७५ साली ‘डोलेमाइट’ हा चित्रपट उभा केला. त्यातील मारामारीत लाथ लागत नाही हे उघड दिसते आणि कित्येक प्रतींत ध्वनिमुद्रणाचा माइकही चौकटीत डोकावतो. चाहत्यांना हे दोष दिसत नाहीत असे नाही. ते प्रत्येक दोष मोजतात, त्याची वाट पाहतात, तो आला की टाळ्या देतात. माइक दिसणे म्हणजे चित्रपट आपल्यासारख्याच कोणीतरी, हाती काही नसताना केला असल्याची खूण असते. कारागिरीतील उणीव आणि उभे राहण्यातील धाडस या दोन गोष्टी चाहता वेगळ्या करू शकतो. पुष्कळदा समीक्षकालाच ते जमत नाही.

मूर जी कथने सांगे त्यांत ‘सिग्निफाइंग मंकी’ या माकडाचीही कथा होती. माकड सिंहाला द्व्यर्थी बोलून हत्तीविरुद्ध भडकावते. सिंह शब्दशः अर्थ धरतो आणि मार खातो. हेन्री लुई गेट्स यांनी १९८८ साली याच माकडाच्या नावाने ग्रंथ लिहून आफ्रो-अमेरिकन साहित्याच्या समीक्षेची एक उपपत्ती रचली. रस्त्यावरचा वाग्विलास तेथे विद्यापीठीय सिद्धान्ताचा पाया झाला. आपल्याकडे म. वा. धोंड यांच्यासारख्यांनी लावणीचा साक्षेपी विचार केला, परंतु सोंगाड्याच्या द्व्यर्थातून समीक्षेची संकल्पना घडविण्याचे कार्य अद्याप व्हावयाचे आहे.

४

आता कोंडक्यांकडे परतून पाहता साम्ये लगेच नजरेत भरतात. मुंबईच्या गिरणगावात वाढलेला हा कलावंत वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यातून पुढे आला आणि मग स्वतःच निर्माता झाला. ढगळ अर्धी चड्डी आणि तिची लोंबती नाडी ही त्याची मुद्रा. ‘सोंगाड्या’ची कथा तर चाहत्याचीच कथा आहे : भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, आई त्याला घराबाहेर काढते, आणि पाहणाराच अखेरीस सोंगाड्या होतो. आपल्या आवडीपायी घराच्या प्रतिष्ठेतून हद्दपार होणारा नायक सायकलवरून येणाऱ्या प्रेक्षकाला आपला वाटावा, यात नवल नाही. पुढे ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) गणवेशातली सत्ताच हास्यविषय झाली. खाकी पाहून एरवी अंग चोरणाऱ्या माणसाला तिच्यासमोर पोट धरून हसता आले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु साम्य येथेच संपते, आणि भेद अधिक शिकविणारा आहे. ‘स्वीटबॅक’च्या पाठीशी ब्लॅक पँथर उभे राहिले. दादरच्या चित्रपटगृहात ‘सोंगाड्या’ लागावा म्हणून शिवसेना उभी राहिली आणि कोंडके पुढे तिच्या प्रचारातही दिसले. त्याच ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मली. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या दंगलीत पँथर आणि शिवसेना समोरासमोर होत्या. म्हणजे अमेरिकेत ज्या क्षोभाला चित्रपट मिळाला त्याला मराठीत कविता मिळाली, ‘गोलपिठा’ (१९७२) मिळाला. आणि मराठीत ज्या हशाला चित्रपट मिळाला त्याचा राजकीय पत्ता निराळाच निघाला. हार्लेमचा प्रेक्षक आपल्या वर्णाचा नायक पाहत होता. कोंडक्यांच्या नायकाला गाव होते, बोली होती, दारिद्र्य होते. जात मात्र सांगितलेली नव्हती.

हे मौन क्षुल्लक नाही. सोंगाड्याची कला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली ते कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. त्या कलेची किंमत त्यांनी आणि त्यांच्या स्त्रियांनी अप्रतिष्ठेने मोजली. म्हणूनच सत्यशोधक जलशांनी आणि नंतर भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातील शृंगारिक भाग गाळला. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाड्याच्या अभ्यासात या संघर्षाकडे लक्ष वेधले आहे. ग्राम्यतेवरचा ब्राह्मणी आक्षेप आणि जलशांचा हा आक्षेप वरवर सारखे दिसतात, पण त्यांची जात वेगळी आहे. एक दुसऱ्याच्या हसण्यावर नाक मुरडतो. दुसरा आपल्याला हसविण्याच्या कामाला जुंपले गेले आहे, ते नाकारतो. ग्रिफिन आणि बेनेट यांचे नाते या दुसऱ्याशी आहे. बंडखोरीचा सरसकट गौरव करणाऱ्या समीक्षेला हा भेद दिसत नाही, आणि तीच तिची मोठी उणीव आहे.

५

येथे प्रस्तुत लेखिकेला स्वतःचा एक अनुभव पुराव्यादाखल ठेवावासा वाटतो. लहानपणी गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा बांधून चित्रपट दाखवीत. एका बाजूला पुरुष बसत, दुसऱ्या बाजूला बायका. कोंडक्यांचा चित्रपट असला की दोन्ही बाजूंनी हशा येई, पण तो एकाच वेळी येत नसे. द्व्यर्थी संवादावर पुरुषांची बाजू फुटे. बायकांच्या बाजूला पदर तोंडावर जात. पदराआड हसू होते की संकोच, हे बाहेरून सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही. परंतु रत्नमाला यांची ‘आये’ नायकाला फैलावर घेई तेव्हा बायका पदर न घेता, मोकळ्या आवाजात हसत. माझी आईही हसे. घरी गेल्यावर त्या चित्रपटाविषयी तिने कधी अवाक्षर काढले नाही.

एकाच चित्रपटाची दोन वाचने त्या रस्त्यावर शेजारी शेजारी चालली होती. कोंडक्यांच्या द्व्यर्थाची रचना पाहिली तर त्याचे कारण सापडते. माकडाच्या कथेत शब्दशः अर्थ धरून फसणारा सिंह बलवान असतो. कोंडक्यांच्या विनोदात अनेकदा सिंहच नसतो. ज्या अंगावर दुसरा अर्थ जाऊन बसतो ते समोरच्या स्त्रीचे असते. बलवानाला फसविणारी तीच युक्ती दुर्बळाकडे वळली की तिचे शस्त्रपण संपते. अमेरिकेतही हा पेच सुटलेला नाही. ‘कॉफी’ (१९७३) आणि ‘फॉक्सी ब्राउन’ (१९७४) यांतील पॅम ग्रिअर बंदूक घेऊन सूड उगवते. तिच्यावर कृष्णवर्णीय स्त्रियांनी प्रेम केले, आणि कॅमेरा तिच्या देहाकडे कसा पाहतो याची तक्रारही केली. तरी तेथे निदान बंदूक तिच्या हाती होती. आमच्या बायकांच्या वाट्याला ‘आये’चा आवाज आला, आणि त्या आवाजाला त्यांनी घट्ट धरून ठेवले. हेही चाहत्याचेच प्रेम होय. ते संपूर्ण चित्रपटावर नव्हते. त्यांनी आपल्यापुरता तुकडा निवडला, उरलेला सोसला. निवड आणि सोसणे यांच्यातील हे अंतर मोजण्याचे माप आजच्या आपल्या समीक्षेजवळ नाही.

६

कोंडके १९९८ साली गेले. मराठी चित्रपटाला जातीसकट बोलणारा नायक लोकप्रियतेच्या पडद्यावर मिळायला आणखी बराच काळ लागला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो, ‘सैराट’च्या (२०१६) गाण्यांवर प्रेक्षक चित्रपटगृहात उठून नाचले आणि शेवटाला सुन्न होऊन बाहेर पडले. हे आकस्मिक घडले नाही. पडद्यावर स्वतःला शोधण्याची सवय या प्रेक्षकाला जुनी होती. पूर्वी तो दुसऱ्याच्या नायकात, दुसऱ्याच्या बोलीत, स्वतःला उसने पाहत होता. कोंडक्यांवरचे प्रेम हा या उसनवारीचा इतिहास म्हणून वाचला, तर त्याची ऊबही कळते आणि त्यातील तूटही.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, “लिही.” आजोबा सायकलने आले हे लिही, कशाला हसले ते लिही. पण तेवढ्यावर थांबू नकोस. आजी बरोबर आली होती का, ते घरी विचार, आणि आली असेल तर ती कोठे बसली व कशाला हसली, हेही विचार. पुढच्या आठवड्यात तो आला. म्हणाला, आजी कधी गेलीच नाही. पण आजोबा घरी येऊन सगळा पिच्चर करून दाखवत, आणि ‘आये’चे काम आजी करी.