दोन स्वप्ननगरे : भारतीय इस्लामी विचार आणि विज्ञानाशी संवाद

१

धर्म आणि विज्ञान यांच्या नात्याची चर्चा बहुधा तत्त्वज्ञांकडे आणि धर्मपंडितांकडे सोपविली जाते. भारतीय मुस्लिम विचारविश्वात मात्र ही चर्चा आरंभापासून भाषेशी आणि वाङ्मयप्रकारांशी निगडित राहिली. जुन्या शब्दाचा नवा अर्थ कोणत्या नियमांनी लावावा, नव्या शास्त्राची परिभाषा कोठून आणावी आणि हे सारे कोणत्या वाचकापुढे मांडावे, हे तिच्यातील मध्यवर्ती प्रश्न होते. निबंध, भाष्य, व्याख्यान, स्वप्नकथा आणि दीर्घकाव्य अशी विविध रूपे तिने धारण केली. साहित्यसमीक्षेने तिची दखल घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

या चर्चेचे वर्णन बहुतेक ठिकाणी ‘समन्वय’ या एका शब्दात आटोपते. तो शब्द दोन वेगळ्या व्यापारांवर पांघरूण घालतो. धर्मवचन आणि वैज्ञानिक सिद्धांत यांत विरोध नाही असे दाखविणे, हा पहिला व्यापार. त्याला सुसंगती म्हणता येईल. विज्ञानाने उभा केलेला प्रश्न परंपरेला विचारणे आणि परंपरेच्या नैतिक जाणिवेतून विज्ञानाला उलट प्रश्न करणे, हा दुसरा. त्याला संवाद म्हणावे. सुसंगती ज्या विज्ञानाशी साधली जाते त्याच्याबरोबर ती जुनी होते. संवादाचे आयुष्य अधिक असते; परंतु त्यात बोलण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे आधी ठरावे लागते. सर सय्यद अहमद खान, रोकेया सखावत हुसैन आणि मुहम्मद इक्बाल यांचे लेखन एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता हा भेद ठळकपणे प्रत्ययास येतो.

२

सर सय्यद (१८१७–१८९८) यांच्या वैचारिक प्रवासाचा आरंभबिंदू पुष्कळदा विसरला जातो. १८४८ साली त्यांनी पृथ्वी फिरते या मताचे खंडन करणारी एक पुस्तिका लिहिली होती. जुन्या ज्योतिषशास्त्रात वाढलेल्या दिल्लीकर सरदार घराण्यातील तरुणाला ते स्वाभाविक होते. याच लेखकाने पुढे १८६४ मध्ये गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन करून इंग्रजी ग्रंथांच्या उर्दू अनुवादाचे काम हाती घेतले. या स्थित्यंतराची खूण त्यांच्या गद्यावरही उमटली आहे. दिल्लीच्या वास्तूंवरील ‘आसार-उस-सनादीद’ या त्यांच्या ग्रंथाची १८४७ची आवृत्ती अलंकारप्रचुर फारसी वळणाची आहे. १८५४च्या आवृत्तीत तोच विषय साध्या, माहितीनिष्ठ उर्दूत येतो. वस्तू जशी आहे तशी सांगण्याची ही सवय त्यांच्या विज्ञाननिष्ठेची पहिली पायरी होय.

इंग्लंडहून परतल्यावर डिसेंबर १८७० मध्ये त्यांनी ‘तहजीब-उल-अखलाक’ सुरू केले. अॅडिसन आणि स्टील यांच्या निबंधपत्रांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. जेवणाची रीत, वादविवादाची सभ्यता, रूढी, आळस अशा विषयांवरील हे छोटे निबंध वाचताना मराठी वाचकाला लोकहितवादींची ‘शतपत्रे’ आठवल्यावाचून राहत नाहीत. दोघेही कंपनी सरकारच्या काळात न्यायखात्यात वाढले. साक्ष तपासून पाहण्याची वृत्ती दोघांच्याही निबंधांत दिसते.

त्यांचे मूलभूत सूत्र असे, की ईश्वराचे वचन आणि ईश्वराची कृती यांत विसंवाद असू शकत नाही. कुराण हे वचन, निसर्ग ही कृती. विसंवाद भासलाच तर वचनाचा आपण लावलेला अर्थ चुकला असे समजावे. १८८० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या भाष्यात हे सूत्र त्यांनी निर्भयपणे राबविले. मूसाच्या अनुयायांचा समुद्रप्रवास त्यांनी ओहोटीच्या आधारे उलगडला. काठीने खडकावर आघात करण्याच्या प्रसंगात मूळ अरबी क्रियापदाचा ‘चालणे’ हा दुसरा अर्थ पुढे करून चमत्काराची गरजच उरू दिली नाही. धातू, अर्थच्छटा आणि संदर्भ यांवर उभी असलेली ही चिकित्सा रूपाने भाषाशास्त्रीय आहे.

या भाष्यातील साहस मान्य करूनही तिची मर्यादा नोंदवावी लागते. सर सय्यद यांच्या पद्धतीत निसर्ग ही साक्ष पुरी झालेली गोष्ट आहे; नियम एकदा सापडले की ते कायमचे. एकोणिसाव्या शतकातील यांत्रिक विश्वचित्रालाच त्यांनी ईश्वराची कृती मानले. १८८४च्या लाहोर येथील व्याख्यानात त्यांनी नव्या धर्ममीमांसेची गरज सांगितली. नव्या विद्यांचे सिद्धांत खोटे किंवा संशयास्पद ठरवा, अन्यथा इस्लामशी त्यांचा मेळ दाखवा, असे पर्याय त्यांनी पुढे ठेवले. नव्या विद्येला उलट प्रश्न विचारण्याचा मार्ग त्यांच्या मांडणीत दिसत नाही.

या संदर्भात एका शब्दाचा प्रवास उद्बोधक आहे. फितरत आणि कुदरत हे शब्द हाताशी असताना सर सय्यद यांनी ‘नेचर’ हा इंग्रजी शब्द उर्दूत रुळविला. विरोधकांनी त्यावरून त्यांना ‘नेचरी’ हे कुत्सित नाव दिले आणि जमालुद्दीन अफगाणी यांनी हैदराबादेत या पंथाविरुद्ध फारसीत पुस्तिका लिहिली. दुसरीकडे हाली यांनी १८९३च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’मध्ये ‘नेचरल शायरी’ची कल्पना मांडली. धर्मचर्चेतील एक उसना शब्द अशा रीतीने काव्यशास्त्रात शिरला आणि उर्दू गझलेला तिच्या अतिशयोक्तीचा जाब विचारू लागला. शब्द परका राहिला तरी त्याने घरातील झाडलोट केली, हे या काळाचे वैशिष्ट्य.

ही झाडलोट मात्र घराच्या बाहेरल्या बैठकीपुरती होती. १८८२च्या शिक्षण आयोगापुढील साक्षीत सर सय्यद यांनी पुरुषांचे शिक्षण पुरेसे झाल्याखेरीज स्त्रियांच्या शिक्षणाची समाधानकारक व्यवस्था शक्य नाही, अशी भूमिका घेतली. निसर्गनियमांची सार्वत्रिकता आग्रहाने मांडणाऱ्या विचारवंताने ज्ञानाच्या वाटपात क्रम लावला. त्यांच्या संवादात कोण अनुपस्थित होते, याचे उत्तर येथे मिळते.

३

त्या अनुपस्थित पक्षाचा आवाज १९०५ साली मद्रासहून निघणाऱ्या ‘इंडियन लेडीज मॅगेझिन’मध्ये उमटला. ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिणाऱ्या रोकेया (१८८०–१९३२) रंगपूर जिल्ह्यातील पायराबंदच्या जमीनदार घराण्यातील. त्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते. बंगाली आणि इंग्रजी त्या घरीच, भावंडांच्या साह्याने शिकल्या. आरामखुर्चीत बसून भारतीय स्त्रीच्या स्थितीचा विचार करणारी निवेदिका या कथेत ‘लेडीलँड’ नावाच्या नगरात पोचते. तेथे पुरुष ‘मर्दान्या’त बंदिस्त आहेत आणि राज्यकारभार व विज्ञान स्त्रियांच्या हाती आहे.

या नगरातील विज्ञानाचा तपशील पाहण्याजोगा आहे. एका स्त्री-विद्यापीठाने फुग्याला नळ्या जोडून ढगांतील पाणी उतरवून घेण्याची युक्ती शोधली. दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठविण्याचे उपकरण तयार केले. पुरुष त्या वेळी लष्करी बळ वाढविण्यात गुंतले होते आणि या शोधांची टवाळी करीत होते. शत्रू चालून आला, पुरुषसेना हरली, तेव्हा विद्यापीठाच्या प्रमुख स्त्रीने आपल्या विद्यार्थिनींसह रणभूमीवर जाऊन साठविलेले सूर्यकिरण शत्रूवर सोडले. स्वयंपाकघरात धूर नाही, कारण चूलही सूर्यावर चालते. येथे चुलीसाठी शोधलेले साधनच तलवारीवर मात करते. विज्ञानाचा हेतू काय असावा, हा नैतिक प्रश्न रोकेयांनी कथानकाच्या रचनेतच गुंफला आहे.

ही कथा इस्लामी विचाराच्या कक्षेत कशी येते, अशी शंका संभवते. तिच्यात धर्मग्रंथाचा हवाला नाही आणि नगराचा धर्म प्रेम व सत्य एवढाच सांगितला आहे. परंतु एक बारीकसा तपशील निर्णायक ठरतो. या नगरात दूरचा चुलतभाऊदेखील सख्ख्या भावाइतका पवित्र मानला जातो. ज्यांच्याशी विवाह निषिद्ध असल्यामुळे पडदा लागत नाही अशा आप्तांचे वर्तुळ शरीयतने आखून दिलेले आहे. रोकेया ते वर्तुळ पुसत नाहीत, विस्तारतात. नात्याचे पावित्र्य व्यापक झाले की पडद्याचे कारण आपोआप क्षीण होते, हा युक्तिवाद परंपरेच्या आतून आलेला आहे. वचनाचा अर्थ बदलण्याऐवजी त्यामागील मूल्य पुढे नेण्याची ही रीत सर सय्यद यांच्या भाष्यरीतीहून वेगळी आणि काही अर्थी अधिक मूलगामी होय.

तिची किंमतही त्यांना द्यावी लागली. १९०४च्या बंगाली निबंधात, धर्मग्रंथांच्या नावाने चालणारे नियम पुरुषांनी रचले असल्याचे त्यांनी सुचविले होते. ‘मतिचूर’ या संग्रहात तो निबंध आला तेव्हा तो मजकूर गाळला गेला. जे विधान निबंधात टिकले नाही ते स्वप्नकथेच्या विनोदात तरून गेले. तथापि कथेतील उलथापालथ ही उपहासाची युक्ती आहे, अंतिम व्यवस्था नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. भिंत तशीच राहते, तिच्या आतील माणसे बदलतात. याची भरपाई त्यांनी कृतीने केली. १९११ साली कलकत्त्यात आठ विद्यार्थिनींना घेऊन सुरू केलेली सखावत मेमोरियल शाळा हे त्या स्वप्नाचे वास्तवाच्या मापाने शिवलेले रूप.

४

इक्बाल (१८७७–१९३८) यांनी १९२९ साली मद्रास, हैदराबाद आणि अलीगढ येथे दिलेली इंग्रजी व्याख्याने १९३० मध्ये ग्रंथरूप झाली; सातव्या व्याख्यानाची भर पडून त्यांची १९३४ची ऑक्सफर्ड आवृत्ती निघाली. धार्मिक विचाराची पुनर्रचना हा त्यांचा विषय. सर सय्यद यांच्या काळातील बंदिस्त विश्वयंत्र आता उरले नव्हते. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद, बर्गसाँची कालकल्पना आणि व्हाइटहेडचे प्रक्रियाविषयक चिंतन यांच्याशी इक्बाल वाद घालतात. विश्व अपुरे आहे, घडत आहे, अशी त्यांची भूमिका असल्यामुळे निसर्गाची साक्ष त्यांना पुरी झालेली वाटत नाही. प्रस्तावनेतच ते तत्त्वचिंतनाला पूर्णविराम नसतो असे बजावतात. आजच्या वाचकाला त्यांचे भौतिकशास्त्र जुने वाटले तरी ग्रंथ जुना होत नाही, याचे कारण या प्रांजळपणात आहे. सहाव्या व्याख्यानात ते ‘इज्तिहाद’ म्हणजे स्वतंत्र निर्णयाचा अधिकार एकेका पंडिताकडून निर्वाचित विधिमंडळाकडे जावा असे सुचवितात. तेथे सुसंगती मागे पडते आणि संवादाला आरंभ होतो.

त्यांच्या फारसी ‘जावीदनामा’त (१९३२) या संवादाची कसोटी लागते. रूमीच्या सोबतीने होणाऱ्या आकाशप्रवासात कवी मंगळावर मर्गदीन नावाच्या आदर्श नगरात येतो. तेथील लोकांना सूर्याची किमया अवगत आहे; ते प्रकाशातून हवी ती संपत्ती मिळवितात. ज्ञान आणि कला यांचे प्रयोजन सेवा एवढेच आहे. यंत्राचा जुलूम आणि धनाची हाव नाही. लेडीलँड आणि मर्गदीन यांतील साम्य लक्षणीय आहे. दोन्ही नगरे सूर्यावर जगतात, दोन्ही ठिकाणी विज्ञान लोभमुक्त आहे.

पण मर्गदीनमध्ये पुढे एक स्त्री भेटते. सैतानी वृत्तीच्या फर्जमर्जने युरोपातून पळवून आणलेली ही तरुणी पैगंबरपदाचा दावा करते. पुरुषाच्या सहवासातून मुक्त व्हा, विज्ञानाच्या बळावर मातृत्वाचे ओझे टळेल, असा तिचा उपदेश आहे. रूमीच्या मुखाने कवी तिचा धिक्कार करतो. तिला प्रत्युत्तर मिळत नाही, निकाल मिळतो.

इक्बालांच्या भूमिकेला केवळ पुरुषी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. साध्याचा विसर पडलेले साधन आणि प्रेमाशी नाते तुटलेले ज्ञान यांची त्यांना वाटणारी भीती अस्सल आहे. पाश्चात्त्य साम्राज्याच्या छायेत लिहिणाऱ्या कवीला ती वाटावी यात नवल नाही. तरीही एक गोष्ट खटकते. आइन्स्टाइनशी आणि बर्गसाँशी धीराने वाद घालणाऱ्या लेखकाने मंगळावरील स्त्रीला मात्र युक्तिवादाची संधी दिली नाही. तिला परकी, पळवून आणलेली आणि ढोंगी ठरविल्यामुळे तिचा प्रश्न ऐकण्याची गरजच उरली नाही. लेडीलँडची प्रमुख शिक्षिका आणि मंगळावरील ही तरुणी एकाच प्रश्नाची दोन चित्रे आहेत. एक आतून काढलेले, दुसरे बाहेरून.

५

हा भेद ऐतिहासिक कुतूहलापुरता नाही. मंगळावरील स्त्रीने उच्चारलेला प्रश्न पुढे खरोखरच धर्मशास्त्राच्या दारात आला. १९८० साली कैरोच्या अल-अजहरने नलिकागर्भधारणेस विवाहित दांपत्यापुरती अनुज्ञा दिली आणि त्रयस्थाचे बीज निषिद्ध मानले. वंशशुद्धी व विवाहबंध या जुन्या मूल्यांना नव्या तंत्राने विचारलेला प्रश्न येथे धिक्काराने उडवून न लावता तपासला गेला. काव्याने जो दरवाजा बंद केला होता तो धर्मनिर्णयाने किलकिला केला, असे म्हणता येईल. ज्या स्त्रीच्या देहावर हा निर्णय लागू होतो तिचे मत त्यात कोठे आहे, हा रोकेयांचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

मराठीत हमीद दलवाई यांनी हाच प्रश्न वेगळ्या अंगाने धसाला लावला. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा नेला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. अर्थनिर्णयनाची वाट सोडून त्यांनी नागरिकत्वाच्या हक्काचा आधार घेतला. ही भूमिका सर्वांना मान्य होणार नाही. परंतु ज्या बैठकीत आजवर इतर बोलत होते तेथे त्या सात जणी स्वतः गेल्या, एवढी गोष्ट तिच्याही विरोधकांना नाकारता येत नाही.

सर सय्यद यांनी वाचण्याचे धैर्य दिले, इक्बालांनी अपुरेपणाची जाण दिली. या दोन्ही देणग्यांचे मोल मोठे आहे. तथापि दोघांच्याही ग्रंथांतून जी व्यक्ती पडद्याआड राहिली तिने लिहिलेली काही पानांची स्वप्नकथा या परंपरेची खरी परीक्षा घेते. विज्ञान आणि श्रद्धा यांचा मेळ बसला की नाही, यावर संवादाचे यश ठरत नाही. ज्याच्या जगण्यावर त्या दोहोंची सत्ता चालते त्याला, किंवा तिला, दोघांपुढे उभे राहून प्रश्न विचारता आला की नाही, यावर ते ठरते.