ध्वनिमुद्रणांचे संकेतांक व पदकर्त्याची पुष्पिका

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत असा एक समज आढळतो कीं, मुद्रणास आंतरराष्ट्रीय संकेतांक मिळाला म्हणजे त्याचा काल व कर्तृत्व हीं दोन्ही निश्चित झालीं. हा समज आम्हांस साधार दिसत नाहीं. सबब त्याची परीक्षा करणें अवश्य वाटतें.

संकेत दोन आहेत, व त्यांची गल्लत हेंच घोटाळ्याचें मूळ होय. आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा संकेत. त्याचें मानक, आयएसओ ३९०१, १९८६ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. त्यांत बारा स्थानें असतात: प्रथम पांच स्थानांचा उपसर्ग, मग वर्षाचे दोन अंक, शेवटीं पांच अंकांचा अनुक्रम. आयएसडब्ल्यूसी हा रचनेचा संकेत. त्यांत 'टी' हें अक्षर, नऊ अंक व पडताळ्याचा एक अंक. पोथ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिला प्रतीचा क्रमांक व दुसरा ग्रंथाचा. प्रतीवर क्रमांक कितीही अचूक घातला, तरी त्यावरून ग्रंथकर्ता सिद्ध होत नाहीं.

कालाविषयींही तेंच. आयएसआरसींतील वर्ष हें संकेत दिल्याचें वर्ष होय, गायनाचें नव्हे. १९३० च्या सुमाराच्या तबकडीस २०१० सालीं प्रथम संकेत दिला, तर त्यांत '१०' हेच अंक येणार. ते मुद्रणाचें वर्ष समजणें म्हणजे बांधणीच्या तारखेस लेखनकाल मानणें होय. त्यापेक्षां तबकडीच्या लाखेंत उमटलेला मातृकांक अधिक विश्वसनीय. कारण चिठ्ठीवरील विक्रीचा क्रमांक बदलला तरी तो मूळ मुद्रणाशींच बांधलेला असतो.

१९०२ सालीं गायस्बर्ग यांनीं कलकत्त्यास मुद्रणें केलीं, तेव्हां गौहर जान यांनीं गाण्याच्या शेवटीं आपलें नांव उच्चारिलें. ही पुष्पिकाच म्हणावयाची. पण ती गायिकेची, पदकर्त्याची नव्हे. आमच्या नाट्यपदांत कर्तृत्व आणखी विभागलेलें असतें. 'मानापमान' (१९११) नाटकाचीं पदें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचीं, तर संगीत गोविंदराव टेंबे यांचें. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर बहुधा 'चाल' निर्दिष्ट केलेली आढळते. म्हणजे चालीचें मूळही कित्येकदां तिसरेंच. 'रचना' या एकाच रकान्यांत हें सर्व कोंबणें शास्त्रशुद्ध नव्हे.

हा केवळ पांडित्याचा वाद नव्हे. गीताचा स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो. तेव्हां कर्ता चुकला कीं मुदतही चुकली. २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांच्या रॉयल्टीच्या वांट्यास संरक्षण मिळालें. पण नांवच पुसलें गेलें तर तो वांटा कोणास पोंचावयाचा? १९८४ सालीं कायद्यांत घातलेलें ५२ अ हें कलम पाहावें. मुद्रण करणारा, हक्काचा मालक व प्रथम प्रसिद्धीचें वर्ष हीं तबकडीवर द्यावीं असें तें सांगतें. कवीचें नांव द्यावें असें सांगत नाहीं.

संकेतांक निरुपयोगी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. एकाच गायकाचीं एकाच पदाचीं दोन मुद्रणें निरनिराळीं ओळखण्यास ते उत्तमच. तथापि संग्राहकांनीं मातृकांक, विक्रीक्रमांक व संकेतांक वेगवेगळे नोंदवावे. चिठ्ठीवरील नांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें. आणि दुरुस्ती करणें झाल्यास ती आधारासह निराळी लिहावी. आधारावांचून कांहीं न लिहिण्याची मल्लिनाथाची प्रतिज्ञा लाखेच्या तबकडीसही लागू आहे. इत्यलम्.