दाह शमला की हृदय वाचते?

'साऱ्या जुनाट रोगांचे मूळ दाह' हे विधान अलीकडे वारंवार वाचनात येते. त्याला आधार म्हणून कॅन्टोस चाचणी (२०१७) पुढे केली जाते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरील ही चाचणी खरोखरच मोलाची. कॅनाकिनुमॅबने कोलेस्टेरॉल उतरले नाही; त्याने फक्त इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा सांगावा नेणारा रेणू अडवला. तरीही १५० मिलिग्रॅम मात्रेत पुन्हा झटका, पक्षाघात वा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण, औषधविरहित सुई घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. हा भाग लेखकमंडळी हमखास गाळतात. जखम सुजवणारा दाह जंतूंनाही रोखतो, हे तर आपण शाळेतच शिकवतो!

२०१८ साली निकाल आलेल्या मेथोट्रेक्सेटच्या चाचणीचा उल्लेख तर क्वचितच होतो. संधिवातातील दाह शमवणाऱ्या या औषधाने हृदयरुग्णांना लाभ झाला नाही. इंटरल्युकिन-१ बीटाही घटले नाही. म्हणजे दाहाच्या वाटा अनेक. वर्गात ही फसलेली चाचणीच अधिक उपयोगी पडेल. दोन्ही निकाल विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि 'दाहशामक आहारा'च्या जाहिरातीत कोणती वाट अभिप्रेत आहे, हे त्यांना शोधायला सांगावे.