घुंगरू मोठे, नाव छोटे

सिनेमाच्या पोस्टरवर नायकाचे डोके जितके मोठे तितकी गोष्ट लहान, असा माझा एक सिद्धांत आहे. तो सिद्ध करायला विद्यापीठ लागत नाही. मंचरहून नारायणगावला जाणारी एस.टी. आणि खिडकीची जागा एवढ्यावर भागते. रस्त्याकडेच्या भिंती म्हणजे फुकटचे वाचनालय!

पोस्टरचे व्याकरण तसे सोपे. मधोमध नायक, त्याच्या खांद्याआड नायिका, कोपऱ्यात खलनायक आणि त्याच्याजवळ थोडा जाळ. नायक हसत असेल तर चित्रपट विनोदी, दातओठ खात असेल तर सामाजिक. तळाशी मुंग्यांच्या रांगेसारखी नावे. ती ज्यांची असतात तेच वाचतात.

सुरुवात मात्र सरळ व्यवहाराची होती. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या जाहिरातीत फाळक्यांनी फिल्म दोन मैल लांब असल्याचे सांगितले. म्हणजे माल मोजून! पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२४च्या 'कल्याण खजिना'साठी चित्राचे पोस्टर केले. मैल गेले, माणसे आली. इथवर आमची काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती तमाशापटांच्या पोस्टरांबद्दल. 'सांगत्ये ऐका' १९५९मध्ये आला, 'पिंजरा' १९७२मध्ये. मग अशा चित्रपटांची रीघच लागली आणि पोस्टरचा एक साचा बसला. घुंगरू बांधलेला पाय, नऊवारीचा काठ, ढोलकी आणि टक लावून बघणारा फेटेवाला. गण, गवळण, बतावणी, वग सगळे गायब. ज्याच्या डोक्यावर खेळ चालतो तो सोंगाड्याही गायब. तमाशा म्हणजे घोट्यापासून कमरेपर्यंतचा मामला, असेच परक्याला वाटावे.

आता उतरा नारायणगावला. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, लांबलांबचे गावकारभारी येतात, सतरंजीवर बसतात, चहा घेतात आणि आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात. बाहेर फलक. एका फलकावर वर्षानुवर्षे नाव होते 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. त्यातला 'सह' बघा! सिनेमातली बाई नायकाच्या खांद्याआड, इथली बाई फलकावर नावानिशी. मुलाचा फड आईचे नाव घेतल्याशिवाय पुरा होत नाही. शिवाय हे नाव म्हणजे करार. फलकावरची माणसे जत्रेत दिसली नाहीत तर गाव जाब विचारते. उलट, पोस्टरवरचा जाळ सिनेमात नव्हता म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

याच गावाचे नाव विठाबाईंनी आडनाव म्हणून लावले आणि राष्ट्रपतींपर्यंत पोचवले. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मध्येच आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. सांगा पेंटरबुवा, हे कुठल्या पोस्टरवर काढाल? फेटेवाला कुठे बसवाल? २००२मध्ये त्या गेल्या. नंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. म्हणजे अखेर नावच उरले, घुंगरू नव्हे.

हल्ली फडांचे फलकही फ्लेक्सवर छापून येतात. त्यावर चेहरे वाढू लागले आहेत, मागे सिनेमासारखा जाळही पेटू लागला आहे. सिनेमाने तमाशाचे पोस्टर बिघडवले ते बिघडवले. आता तमाशा त्याच पोस्टरात स्वतःला बघून नटू लागला तर कारभाऱ्याने वाचायचे काय?

फडमालकांना एवढीच विनंती. रंग हवा तेवढा फासा, जाळ हवा तेवढा लावा. पण नावाला जागा कमी पडली तर एखादे डोके काढा. 'सह' काढू नका.